फरक पडला नाही, शरयूताई

शरयूताई, तुमच्या खोलीला काल तात्यांनी चुना लावला. घरमालक म्हणून त्यांचा काही दोष नाही. तारापूरला वीजकेंद्राचं काम सुरू झाल्यापासून चिंचणीत खोल्यांना मागणी आहे, आणि कोणी ओव्हरसियर राहायला येणार आहे म्हणे. "अनसूयाबाई, तुमचं काही सामान राहिलंय का आत?" असं त्यांनी मला विचारलं. माझं काही राहिलं नव्हतं, तरी मी आत जाऊन उभी राहिले. जिथे बसून आपण आकडेमोड करायचो तिथे भिंतीवर तुमच्या खुर्चीच्या पाठीचा काळपट पट्टा उमटला होता. तो आता चुन्याखाली गेला. बाहेर येऊन मी तात्यांना सांगितलं, "काही नाही राहिलं."

तुम्हाला जाऊन महिनाही झालेला नाही. माझ्याकडे भेटायला कोणी येत नाही, कारण मी तुमची कोणी लागत नव्हते. मुंबईच्या इस्पितळात फाटकावरच्या माणसानं विचारलं होतं, "पेशंट तुमच्या कोण?" मी म्हटलं, "आम्ही एकत्र काम करतो." तो म्हणाला, "नातं सांगा." मी बराच वेळ विचार केला आणि मला शब्द सापडला नाही. मग बाहेरच्या बाकावर जाऊन बसले. नाशिकहून तुमचे भाऊ आले, ते सरळ आत गेले. मी त्यांना ओळखत नव्हते, पण कपाळ अगदी तुमचं होतं. संध्याकाळी ते चष्मा पुसत पायऱ्या उतरले, तेव्हा मला कळलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, आणि का पाहावं?

तुमच्याबद्दल वर्तमानपत्रात चार ओळी आल्या. डॉक्टरीचं शिक्षण कुठे झालं, सरकारी नोकरी कुठे केली, वगैरे. आपल्या अभ्यासाचा त्यात उल्लेख नाही. तो असता तरी काय लिहिलं असतं त्यांनी? 'त्यांनी पुष्कळ मेहनत करून आपलीच कल्पना फोल असल्याचं सिद्ध केलं', असं कोणी लिहीत नाही. म्हणून मीच लिहायला बसले आहे. तुम्हालाच लिहिते आहे, कारण यातलं अर्धंअधिक दुसऱ्या कोणाला समजावून सांगायचं तर मला पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल.

आणि आज ती करावीशीही वाटते आहे.

पालघरच्या शाळेतली माझी बदलीची नोकरी संपली होती. 'मुलांची वजने घेण्यासाठी लिहिता-वाचता येणारी स्त्री पाहिजे' असं कोणीतरी सांगितलं म्हणून मी बोईसरला तुमच्या कचेरीत आले. बाकावर माझ्याआधी दोघीतिघी बसल्या होत्या. एकेक आत जायची आणि नाकाला पदर लावून बाहेर यायची. मी आत आले तर तुम्ही टेबलावर एक डबा उघडा ठेवला होता, त्यात तांबूस पूड. मी समोर बसले. तुम्ही माझं शिक्षण विचारलंत, गाव विचारलंत, आणि सगळा वेळ माझ्या नाकाकडे बघत राहिलात.

"तुम्हाला वास येत नाही?" तुम्ही शेवटी विचारलंत.

"कसला?"

"याचा. सुकवलेला जवळा आहे, दळलेला."

"मला कसलाच वास येत नाही. लहानपणी मोठा ताप आला होता, त्यात गेला."

तुम्ही डब्याचं झाकण लावलंत आणि इतक्या खूश झालात की मला वाईट वाटायला हवं की नाही तेच कळेना. माझ्या या व्यंगाबद्दल आजवर लोकांनी हळहळ केली होती, चेष्टा केली होती. त्यावर नोकरी देणाऱ्या तुम्ही पहिल्या.

का दिलीत ते मला नंतर कळलं. बोईसरच्या बाजाराच्या दिवशी डोंगराकडच्या बाया लाकडाच्या मोळ्या घेऊन उतरत, आणि परतताना मूठभर जवळा पदराच्या गाठीत बांधून नेत. तुम्ही एकीला विचारलंत, "हा इतकासा कशाला?" ती म्हणाली, "पोरांच्या आंबिलात." तेवढ्यावर तुमच्या मनात ते घर करून बसलं. किनाऱ्यावर हे बारीक कोलंबीसारखे जीव ढिगानं सुकतात आणि दोन तासांच्या वाटेवर डोंगरातली पोरं हातापायांच्या काड्या घेऊन हिंडतात. ही पूड रोज चमचाभर पोटात गेली तर? दुसरं कोणी असतं तर वाटायला लागलं असतं. तुम्ही म्हणालात, आधी बघू. नागलीची पेज सगळ्याच पाड्यांना द्यायची. निम्म्या पाड्यांच्या पेजेत जवळ्याची पूड घालायची, निम्म्यांच्या नाही. कोणाच्या वाट्याला काय येईल ते चिठ्ठीनं ठरवायचं. आणि दर महिन्याला जी बाई वजन घेईल, तिला कुठे पूड आहे आणि कुठे नाही याचा पत्ता लागता कामा नये.

"का?" मी विचारलं होतं.

"काटा दोन रेघांच्या मध्ये थांबतो, अनसूया. तेव्हा माणसाचा जीव जिकडे ओढतो तिकडची रेघ त्याला दिसते. माझा जीव पुडीकडे ओढतो. म्हणून मी वजन घेणार नाही."

पूड घातलेली पेज खाणाऱ्या मुलांच्या तोंडाला, हाताला वास येणारच. म्हणून तुम्हाला मी सापडले. चिठ्ठ्या टाकल्या त्या दिवशी तुम्ही मला मुद्दाम चिंचणीत ठेवलंत. पेज वाटणाऱ्या बायांना बजावलंत की वजनवालीशी पेजेबद्दल अवाक्षर बोलायचं नाही. बेलपाड्याची मंगळी एकदा बोलता बोलता "आमच्या पेजेत तर..." म्हणाली आणि मी कानांत बोटं घातली. ती इतकी हसली की पोरं काय झालं म्हणून गोळा झाली. मग तिला तो खेळच झाला. मी दिसले की ती आधी दोन्ही हात कानांवर ठेवायची.

मला तो काळ आठवतो तेव्हा आपण चालतच असतो. जीप जिथवर जाई तिथवर जीप, पुढे शेतांच्या बांधावरून, तुम्ही पुढे आणि मी खांद्यावर काटा नि झोळी घेऊन मागे. झोळीत मूल बसवायचं, काटा झाडाच्या फांदीला टांगायचा, मूल रडायचं थांबेपर्यंत थांबायचं. शेतावर गेलेल्या, वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबांच्या मागे आपण पार वैतरणेपर्यंत गेलो. "चिठ्ठीत आलेलं प्रत्येक मूल शेवटपर्यंत आपलं," असं तुम्ही म्हणायचात. जे हाताशी आहेत त्यांचीच वजनं घेतली तर सगळ्यांत दुबळी निसटून जातील आणि आपला आकडा खोटाच गोंडस दिसेल. तेव्हा मी पाय दुखतात म्हणून कुरकुरत होते. आता कोणी म्हणालं की चल वैतरणेला, तर मी तशीच उठेन.

दिवेलागणीच्या आत परत आलं की तुमच्या खोलीत चहा, आणि हिशेब. तुम्ही मला सरासरी काढायला शिकवलंत, आणि सरासरीवर विश्वास का ठेवायचा नाही तेही शिकवलंत. मधूनच विचारायचात, "तुला काय वाटतं?" शरयूताई, माझं वय तेव्हा पस्तिशीच्या पुढे गेलं होतं. माहेरी, सासरी, शाळेत, मला काय वाटतं हे तोवर कोणी विचारलं नव्हतं. पहिल्यांदा विचारलंत तेव्हा मी मागे वळून पाहिलं होतं, की दारात आणखी कोणी आलंय का. नवरा गेल्यापासून मी एकटी होते, तुम्ही तर आधीपासूनच एकट्या. तात्यांच्या घरात दोघींच्या खोल्यांमध्ये एकच भिंत होती. तुम्ही खोकलात तरी मला कळायचं. ती सोबत होती हे मला आताच्या या शांततेत समजतं.

मग बेलपाड्यात गोवर आला.

तुम्ही सगळं सोडून तिथे जाऊन राहिलात. मीही आले. झोपडीत अंधार करून पोरं निजवलेली, अंगावर लाल पुरळ, डोळे चिकटलेले. पाणी उकळायचं, चमच्यानं पाजायचं, छातीचा आवाज ऐकायचा. तुमच्याजवळची औषधं संपली. पालघरहून आणखी आली तोवर मंगळीची धाकटी सोमी गेली. मंगळी रडली नाही. तिनं सोमीचे केस विंचरले आणि मला म्हणाली, "हिचा वजन तुमी मागल्या येळी केला होता ना? तवा चांगला होता?" मी म्हटलं, "चांगलं होतं." तिनं मान हलवली.

त्याच आठवड्यात वजनाचा दिवस आला. मी म्हटलं, या महिन्यात नको. तुम्ही म्हणालात, "घ्यायचं." मी चिडून म्हटलं, "ही पोरं उभी राहत नाहीत, आणि तुम्ही काट्याला टांगताय?" तुम्ही एकेक मूल स्वतः उचलून झोळीत ठेवलंत, खालून हात धरून उभ्या राहिलात, काटा स्थिर होईपर्यंत क्षणभर हात काढलात आणि पुन्हा लावलात. शेवटचं मूल उतरवलंत आणि झाडाकडे तोंड करून बराच वेळ उभ्या राहिलात. मी आकडे लिहिले. जवळजवळ प्रत्येकाचं वजन उतरलं होतं.

अभ्यास संपला आणि कुठल्या पाड्यांना पूड होती ते तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलंत. बेलपाडा पुडीचा होता.

कित्येक दिवस आपण बेरजा करत बसलो. तुम्ही एकदा करायच्या, मी एकदा, आणि मग अदलाबदल करून पुन्हा. पुडीची मुलं आणि बिनपुडीची मुलं सारखीच वाढली होती. उन्नीस-बीसही नाही. तुम्ही पेन्सिल खाली ठेवलीत. मी म्हटलं, "बेलपाडा वगळा."

"का?"

"तिथे गोवर आला. त्यात पुडीचा काय दोष? तो पाडा काढला तर पुडीची मुलं पुढे दिसतात. मी करून पाहिलंय."

"मीही पाहिलंय," तुम्ही म्हणालात. "कालच."

"मग?"

"गोवर बिनपुडीच्या पाड्यात आला असता, तर तू मला तो पाडा वगळा म्हणाली असतीस?"

मी तसं म्हणाले नसते. पण मला ते पटलं नव्हतं आणि अजूनही पुरतं पटलेलं नाही. मी म्हटलं, दोन्ही लिहा. बेलपाडा धरून काय दिसतं आणि सोडून काय दिसतं. वाचणारा ठरवील. तुम्ही म्हणालात, वाचणारा त्याला हवं तेच उचलील, आणि त्याला काय हवंय ते मला ठाऊक आहे. आपण जन्मभर या एका गोष्टीवर भांडत राहू असं मला तेव्हा वाटलं होतं, आणि त्याचं मला वाईटही वाटलं नव्हतं.

मुंबईहून मोठे साहेब आले. पुडीचा कारखाना काढायचं वर ठरून गेलं होतं, दातिवऱ्याला जागासुद्धा बघून झाली होती. साहेब चांगले गृहस्थ होते, आवाज चढवला नाही. "बाई, थोडं वेगळ्या पद्धतीनं लिहिता येईल."

"कसं?"

"मुलांना पूड आवडली, असं लिहा. ते तर खरं आहे?"

तुम्ही ते लिहिलंत. 'मुलांना पूड आवडली. फरक पडला नाही.' लागोपाठ दोन वाक्यं. साहेबांनी ती वाचली, टोपी घेतली आणि गेले. पुढच्या महिन्यात जीप गेली, मग कचेरी गेली, तुम्हाला दवाखान्यात खोकला-तापाच्या रांगेसमोर बसवलं. माझी नोकरी तर संपलीच. तात्यांच्या नातवंडांच्या शिकवण्या घेऊन मी चिंचणीतच राहिले. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की माझ्यामुळे तुझं गेलं. मीही एकदाही म्हणाले नाही की तुमच्यामुळे मी राहिले.

साहेब गेले त्या संध्याकाळी आपण समुद्रावर गेलो होतो. सुरूच्या झाडांपलीकडे कोळणी जवळा गोळा करत होत्या, वाळूवर नुसता गुलाबी पसारा. तुम्ही एक चिमूट उचलून हातावर घेतलीत. "अनसूया, माझा फार जीव होता गं यावर," म्हणालात. मला तुमच्या पाठीवर हात ठेवावासा वाटला होता. तुम्ही डॉक्टर, मी वजनवाली. मी माझा हात मांडीवरच ठेवला.

त्यानंतर तुम्ही जे केलंत ते मी दुसऱ्या कोणाला करताना पाहिलेलं नाही. सुट्टीच्या दिवशी पायी, एकेक पाड्यावर जाऊन तुम्ही लोकांना निकाल सांगितलात. मी विचारलं, असं कोणी सांगतं का? तुम्ही म्हणालात, मुलं त्यांची होती.

बेलपाड्यावर बाया अंगणात बसल्या. तुम्ही साध्या शब्दांत सांगितलंत. मंगळीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे जवळा खाऊन काय झाला नाय?"

"नुसत्या पेजेपेक्षा जास्त काही झालं नाही."

"आन् पेजेनं?"

"ते आम्हाला माहीत नाही. पेज आम्ही सगळ्यांनाच दिली होती. न दिलेल्यांशी ताडून बघितलं असतं तर कळलं असतं."

मंगळी थोडा वेळ बोटांनी जमीन उकरत बसली. "आमच्या पोरांनी तर ती खाल्ली. आता ती बंद, होय ना?"

परतताना बांधावर तुम्ही मध्येच थांबलात. "सुरू कसं करायचं ते मी सगळं ठरवलं होतं," म्हणालात. "संपल्यावर या मुलांनी काय खायचं ते ठरवलं नव्हतं." त्या दिवसापासून तुम्ही पेजेच्या मागे लागलात. दवाखाना सुटला की बस धरून पालघर, कधी ठाणे. जिल्हा परिषदेच्या व्हरांड्यात तुम्ही इतक्या बसलात की तिथला शिपाई तुम्हाला न विचारता पाणी आणून द्यायचा. त्या वर्षी माणसांनाच रेशनवर परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खावी लागत होती, डोंगरातल्या पोरांसाठी नागली कोण देतं? पण शेवटी मिळाली. निम्म्या पाड्यांपुरती.

आणि तिथे आपलं दुसरं भांडण सुरू झालं, जे तुम्ही अर्ध्यावर टाकून गेलात.

तुमचं म्हणणं, पुन्हा चिठ्ठ्या टाकू. ज्यांची निघेल त्यांना पेज यंदा, बाकीच्यांना पुढच्या वर्षी. वजन मात्र दोघांचंही घेऊ. म्हणजे निदान पेजेनं काय होतं ते कळेल.

मी म्हटलं, "ज्याला काही मिळणार नाही त्याला झोळीत बसवायचं, आणि रिकाम्या हातानं उतरवायचं. मी नाही करणार."

"धान्य निम्म्यांपुरतंच आहे, अनसूया. मी चिठ्ठी टाकली नाही तर ज्याची ओळख असेल त्याचा पाडा आधी लागेल."

"चिठ्ठी टाका. पण थांबलेल्यांना काट्यावर घेऊ नका."

"आणि पुढच्या वर्षी कोणी म्हणालं की पेजेचा उपयोग काय, बंद करा, तर काय सांगू?"

"सांगा की मुलं भुकेली आहेत."

"ते मी इतकी वर्षं सांगतेच आहे," तुम्ही म्हणालात. तुमचा आवाज चढला नाही, पण पेला तुम्ही जरा जोरात ठेवलात. मी उठून माझ्या खोलीत आले. नंतर दोन-चार दिवस आपण चहा वेगवेगळा केला. तुम्ही भिंतीपलीकडे खोकलात तरी मी मुद्दाम विचारपूस केली नाही.

त्यानंतर तुमचे डोळे पिवळे झाले. तुम्ही म्हणालात, कावीळ आहे, उतरेल. पाड्यापाड्यांवर जाऊन मिळेल ते पाणी प्यायचं, आणि दुसऱ्यांना उकळून प्या सांगायचं. मंगळवारी दवाखान्यातच तुम्हाला भोवळ आली. बोईसर स्टेशनवर तुम्हाला गाडीत चढवायला वीजकेंद्राच्या कामावरचे दोन मजूर धावून आले. "संभाल के, माताजी," म्हणत त्यांनी तुम्हाला बाकावर निजवलं. तुम्ही त्यांना नमस्कार केलात. दवाखान्यातला कंपाउंडर बरोबर जाणार होता, मी घर बंद करून सकाळी येणार होते. खिडकीतून तुम्ही मला जवळ बोलावलंत. मला वाटलं, वजनाचं काही सांगाल. तुम्ही म्हणालात, "दोरीवर साडी राहिली आहे. आत घे."

मी घेतली, घडी घातली. तुमचे भाऊ ट्रंक न्यायला आले तेव्हा तीही त्यांना दिली.

चिठ्ठ्या तुमच्या आजारातच निघाल्या. तुम्ही ठरवून दिल्याप्रमाणे ग्रामसेवकानं सगळ्या पाड्यांची माणसं बोलावली आणि त्यांच्याच हातून उचलवल्या. बेलपाडा थांबणाऱ्यांत गेला. तुम्हाला हे कळलं होतं की नाही, मला माहीत नाही. कळलं असतं तर तुम्ही काही बोलला नसतात, पण जेवला नसतात.

मागच्या आठवड्यात मी बेलपाड्यावर गेले. तुमची बातमी त्यांना कोणी सांगितली नसेल, ती सांगावी म्हणून. मोकळ्या हातानं चालताना वाट दुप्पट लांब वाटली. मंगळी भात झोडत होती. मला एकटीला बघून तिनं हात थांबवले.

"दाक्तरीणबाय नाय आली?"

मी सांगितलं. ती खाली बसली. मीही बसले. ती म्हणाली, "माझ्या सोमीला तिनं मांडीवर घेतली होती, जवा ती गेली तवा." मला हे ठाऊक नव्हतं. मी त्या वेळी पाणी आणायला गेले असेन. तुम्ही हे मला कधी सांगितलं नाहीत.

मग मंगळीनं माझ्या खांद्याकडे पाहिलं. "काटा कुठं हाय?"

"आणला नाही. तुमच्या पाड्याला पेज पुढच्या वर्षी आहे ना, म्हणून..."

"ता ठाव हाय मला. चिट्टी मीच उचलली." ती उठली, भाताची पेंढी हातात घेतली आणि पुन्हा खाली ठेवली. "पेज नाय, ता कळला. पन काटा बी नाय? मंग आमची पोरां हायत का नाय, ता कोन बघल?"

"वजन करून मी तुम्हाला काही देऊ शकत नाही, मंगळी."

"मी मागितला काय तुज्याकडं?" ती रागावली नव्हती, समजावत होती. "माझा रामू हलका झाला का भारी, ता मला कळाया होवा. सोमीचा कळला होता. तुमी येत होता तवा कोनतरी येत होता."

शरयूताई, तुम्हाला वजन हवं होतं वरच्या लोकांना सांगायला. मला ते नको होतं, कारण मला त्यांच्या डोळ्यांत बघवणार नव्हतं. ते आईला तिच्यासाठी हवं असेल, हे आपल्या दोघींच्याही बोलण्यात कधी आलं नाही. तुम्हाला हे सांगण्यासाठी मी त्या क्षणी उठले होते. खरंच उठले होते. दोन पावलं टाकल्यावर लक्षात आलं.

परवा, कचेरी गेल्यापासून माझ्याकडेच राहिलेला काटा घेऊन पुन्हा गेले. फांदीला टांगला, रामूला झोळीत बसवलं. तो मोठा झालाय आता, रडला नाही. तुमचा नियम होता की वजन मनातच वाचायचं आणि लिहायचं, आईला सांगायचं नाही. सांगितलं तर ती घाबरून आपल्या ताटातलं काढून त्याला घालील, आणि मग आपण काय मोजतोय तेच कळणार नाही. मी काटा स्थिर होऊ दिला, आणि वजन मोठ्यानं वाचलं. मंगळीला ऐकू जाईल असं. तिनं विचारलं, "मागल्या येळेपेक्षा?" मी तेही सांगितलं. वाढलं होतं, थोडंसं. ती हसली नाही. तिनं रामूला झोळीतून काढून कडेवर घेतलं आणि दुसरीच्या पोराला पुढे केलं. मी सगळ्यांची वजनं मोठ्यानं वाचली.

तुम्ही असतात तर वाटेत मला चांगलंच फैलावर घेतलं असतंत. मी म्हणाले असते की जे मूल तिचं, त्याचं वजनही तिचं. तुम्ही म्हणाला असतात की मग हा अभ्यास उरला नाही, नुसती भेट झाली. मी म्हणाले असते, भेट झाली तर काय बिघडलं? तुम्ही म्हणाला असतात की पुढच्या वर्षी पेज बंद झाली म्हणजे कळेल काय बिघडलं ते. बोईसरच्या रस्त्याला लागेपर्यंत मी असं तुमच्या बाजूनं बोलत होते आणि माझ्याही. तुमची उत्तरं मला सगळी येतात, शरयूताई. पण ती मीच देते, त्यामुळे मला त्यात नवीन काही ऐकायला मिळत नाही.